अल्सास : बाहुलीघरासारखी गावं, आणि एकाच आयुष्यात चार वेळा बदललेला देश

रानजाई
मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं की फ्रान्समध्ये पॅरिस सोडून सासू-मुलांना घेऊन कुठे जावं. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. आम्ही अल्सासला गेलो होतो. फ्रान्सचा पूर्वेकडचा, ऱ्हाइन नदीला लागून असलेला पट्टा. नदीपलीकडे जर्मनी. बरोबर नवरा, दहा वर्षांची लेक आणि गुडघ्याचा पट्टा बांधून आमच्या पुढे चालणाऱ्या सासूबाई.

सुरुवात फजितीने. पोचलो तो दिवस गुड फ्रायडे. पॅरिसमधल्या मैत्रिणीने छातीठोकपणे सांगितलं होतं की फ्रान्समध्ये गुड फ्रायडेला सुट्टी नसते, खुशाल जा. कोलमारजवळच्या द्राक्षमळ्यांतल्या एका गावात खोल्या घेतल्या होत्या. संध्याकाळी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडलो तर सगळं गाव चिडीचूप. एकूण एक दुकान बंद. रात्री सासूबाईंच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, यावर भागवलं. (सासूबाईंनी हे पुढचे आठ दिवस विसरू दिलं नाही.)

सकाळी घरमालकीणबाईंना विचारलं. वय ८६, काठी नाही, चष्मा फक्त पेपर वाचताना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमची मैत्रीण बरोबर आहे, पण ती फ्रान्सबद्दल बोलत होती. तुम्ही अल्सासमध्ये आहात.

भानगड अशी. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि मे १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहात जवळजवळ सगळा अल्सास आणि शेजारच्या लोरेनचा एक तुकडा जर्मनीकडे गेला. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, तो तिकडेच होता. गुड फ्रायडेची आणि २६ डिसेंबरची सुट्टी ही त्या जर्मन अमदानीतली. फ्रान्सने प्रदेश परत घेतला तेव्हा तिथले बरेच स्थानिक कायदे तसेच ठेवले, आणि सुट्ट्याही राहिल्या. उलट फ्रान्सने १९०५ साली धर्म आणि सरकार यांची कायद्याने फारकत केली तेव्हा अल्सास फ्रान्समध्ये नव्हताच! त्यामुळे तो कायदा इथे आजही लागू नाही. पाद्री आणि रब्बी यांना इथे सरकारी पगार मिळतो. एवढ्या कडक निधर्मी देशात. आमची दूध-ब्रेडची पिशवी रिकामी राहिली ती दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईमुळे, असं लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना सांग ना, आता लढाई संपली."

आता गावांबद्दल. स्ट्रासबुर्गला दोन दिवस दिले, तीन हवे होते. कॅथीड्रल व्होज डोंगरातल्या गुलाबी वालुकाश्माचं, शिखर १४२ मीटर. १८७४ पर्यंत दोनशेहून जास्त वर्षं ही जगातली सगळ्यात उंच इमारत होती. शिखर एकच आहे, दुसरं बांधायचं राहूनच गेलं, त्यामुळे एक हात वर करून उभ्या असलेल्या माणसासारखं दिसतं. आतलं खगोलीय घड्याळ दुपारी साडेबाराला पाहतात, गर्दी होते, आधी जाऊन उभं राहा. ऑगस्ट १८७० मध्ये जर्मन तोफांनी शहर भाजून काढलं तेव्हा या कॅथीड्रलचं छप्पर जळालं. त्याच वेढ्यात शहराचं ग्रंथालय जळालं आणि बाराव्या शतकातली एका मठाधिपती बाईने तयार केलेली सचित्र पोथी त्यात कायमची गेली. हे वाचल्यावर मला भांडारकर संस्थेची आठवण झाली, असो.

आणि ज्यासाठी हा धागा खरं तर लिहितेय ते रिपब्लिक चौकातलं युद्धस्मारक. १९३६ सालचं. झाडांच्या मधोमध एक आई बसलेली आहे आणि तिच्या मांडीशी दोन मुलगे मरणाच्या दारात. दोघे उघडे. अंगावर गणवेष नाही, कारण घालणार तरी कुठला? एक फ्रान्सकडून लढला, एक जर्मनीकडून. तोंडं दोन दिशांना, आणि हात एकमेकांच्या हातात. खाली एवढीच ओळ, 'आमच्या मृतांना'. फ्रान्सभर गावागावांत स्मारकांवर 'देशासाठी मेलेले' असं लिहिलेलं असतं. इथे देश गाळलाय. सासूबाई तिथल्या बाकावर पंधरा मिनिटं बसल्या. त्यांचा स्वभाव दोन मिनिटांत "चला पुढे" म्हणण्याचा.

कोलमारमध्ये उंटरलिंडेन संग्रहालय सोडू नका. तिथे ग्रूनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेला इझेनहाइमचा वेदीपट आहे. ज्या मठासाठी तो केला तिथे राय धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या भयंकर रोगाचे रुग्ण आणून ठेवत. त्यामुळे क्रुसावरच्या येशूचं अंग फोडांनी भरलेलं, हिरवट. रुग्णाने पाहावं आणि म्हणावं, यालाही माझंच दुखणं. जवळून बोटं बघा, खिळ्याभोवती कशी वाकडी झालीत ती. पहिल्या महायुद्धात हा पट सांभाळायला म्हणून म्युनिकला नेला होता, १९१९ मध्ये परत आला. इथे चित्रांनासुद्धा सीमा ओलांडावी लागली.

बाकी कालवे, फुलांच्या कुंड्या, लाकडी चौकटींची रंगीत घरं यांचे फोटो सगळीकडे आहेत, मी वेगळे टाकत नाही. प्रश्न असतील तर विचारा.

चिंगी_८४
रानजाई, झकास! दशम्या वाचून भूक लागली. शाकाहारी माणसाचं काय होतं तिकडे? आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.

रानजाई
अंडं नाही म्हणजे जरा जड आहे. तिकडची खास गोष्ट म्हणजे फ्लामेकुश, पापडाइतकी पातळ भाकरी, वर आंबटसर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, भट्टीत दोन-चार मिनिटं. 'साँ लार्दाँ' म्हटलं की मांसाशिवाय देतात. वर मुन्स्टर चीज मागा, पण वासाची तयारी ठेवा. सासूबाईंनी रुमाल नाकाला लावून खाल्लं आणि दुसरं मागवलं. आंबवलेला कोबी मांसाखालीच येतो, त्याच्या नादी लागू नका. आणि जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद.

रुळांवरचा
सुट्ट्यांचं वाचून राहवलं नाही. तुम्ही पॅरिसहून रेल्वेने गेलात का? फ्रान्समध्ये आगगाड्या आपल्या मुंबईच्या लोकलसारख्या डाव्या रुळावरून धावतात. जर्मनीत उजव्या. आणि अल्सास-मोझेलमध्ये (मोझेल म्हणजे लोरेनचा तो जर्मनीकडे गेलेला तुकडा), फ्रान्स असूनही, उजव्या! कारण १८७१ नंतर तिथली रेल्वे जर्मन पद्धतीने चालली आणि परत आल्यावर सगळे सिग्नल बदलणं कुणाला परवडणारं नव्हतं. मग जुन्या सीमेजवळ एक मार्ग दुसऱ्याच्या डोक्यावरून पुलाने नेऊन डाव्याचा उजवा केलाय. खिडकीत बसून नकाशा धरलात तर १८७१ ची सीमा कुठे होती ते गाडीच सांगते. (नवा अतिवेगवान मार्ग वेगळा आहे, त्यावरून पॅरिस-स्ट्रासबुर्ग पावणेदोन तास. ही गंमत जुन्या मार्गावरची.)

वेळ असेल तर मेत्सला उतरा. स्टेशन १९०८ चं, कैसरच्या हुकमाने बांधलेलं, बाहेरून चर्च की किल्ला कळत नाही. सैन्य पटापट चढवता-उतरवता यावं म्हणून फलाट असे लांबरुंद की आजही निम्मे रिकामे वाटतात. तिथून चालत कॅथीड्रल. साडेसहा हजार चौरस मीटर रंगीत काचा, त्यात शगालच्याही. जर्मनांनी स्टेशनाजवळ करड्या-गुलाबी दगडाची नवी वस्ती उभी केली, जुनं फ्रेंच मेत्स मात्र पिवळ्या दगडाचं. कुठला रस्ता कुणी बांधला ते रंगावरून ओळखा.

भुईकोट
रेल्वेवाल्यांनी सुरुवात केलीच आहे तर आमचंही ऐका. कोलमारला जाऊन नफ-ब्रिझाकचा किल्ला न बघता परत येणं म्हणजे औरंगाबादला जाऊन देवगिरी न बघता येणं. (हो, संभाजीनगर. बोटांना सवय आहे.)

१६९७ च्या तहात फ्रान्सला ऱ्हाइनच्या पलीकडचा ब्रायझाखचा किल्ला सोडावा लागला. चौदाव्या लुईने आपला दुर्गरचनाकार व्होबाँ याला सांगितलं, अलीकडे नवीन बांध. सपाट रानात, शून्यातून. १६९८ मध्ये आराखडा, पुढच्या वर्षी काम सुरू. व्होबाँ तेव्हा पासष्टीचा होता आणि हे त्याचं शेवटचं मोठं काम. २००८ मध्ये त्याच्या बारा स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेलं.

आपल्या डोळ्यांना सवय आहे उंच तटाची. इथे पहिली निराशा होते, कारण लांबून काही दिसतच नाही. तेच तर त्याचं कसब. तोफेच्या काळात उंच तट म्हणजे आयतं निशाण. म्हणून सगळा किल्ला जमिनीत दाबून बसवलाय. आधी कोरडा रुंद खंदक, त्यात त्रिकोणी सुटे बुरूज, मग आणखी एक खंदक, मग आतला तट. बाहेरचे बुरूज तटाला चिकटलेले नाहीत. म्हणजे शत्रूने एक घेतला तरी तो आतल्या तटाखाली उघडाच सापडणार. आपल्याकडे दरवाजापुढे रणमंडळ करून हत्तीचा जोर मोडत, त्याच विचाराचं हे आठी दिशांना पसरलेलं रूप म्हणा. मातीचे भराव दगडाच्या तटामागे, गोळा मातीत रुतून बसावा म्हणून. नगरचा भुईकोट आठवतो, पण तो गोल, इथे अष्टकोन आणि कोपरे असे की जमिनीचा एक इंचही माऱ्याबाहेर राहात नाही.

आत गाव. सरळसोट आडव्या-उभ्या गल्ल्या, मधोमध सैन्याच्या कवायतीचं भलं मोठं मैदान, चार दरवाजे. बेल्फोर्ट दरवाज्यात व्होबाँचं छोटं संग्रहालय आहे. खंदकातून पूर्ण चक्कर मारा, वर गावात फिरून काही कळत नाही. मी दीड तासात मारली, गवतात घोटाभर पाणी होतं.

आणि एवढं करून? १८७० मध्ये जर्मनांनी लांब पल्ल्याच्या तोफांनी गावच जाळलं आणि किल्ला पडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं तेव्हा काही गावकऱ्यांनी, त्यात दोन पोरं होती म्हणे, आत शिरायची मोकळी वाट दाखवली. गडाला चोरवाट असली की ती कुणालातरी ठाऊक असतेच.

निवांत_नाना
लेख चांगला. पण एक विचारतो, रागावू नका. माणूस एवढे पैसे खर्चून सुट्टीवर जातो तो वाइन प्यायला, फुलं बघायला. जिथे तिथे युद्ध, वेढा, मृतदेह. कशाला जुनी मढी उकरायची? मी २०१६ साली तिथे गेलो होतो, रिकवीर पाहिलं, करकोचे पाहिले, मस्त मजा केली. मला कुठे युद्ध दिसलं नाही.

ऱ्हाइनकाठची
नाना, तुम्हाला दिसलं नाही कारण रिकवीर वाचलं. तिथून जेमतेम काही किलोमीटरवर बेनवीर आहे. त्याच द्राक्षांच्या उतारावर. तिथे एकही जुनं घर नाही. चर्च काँक्रीटचं, भिंतभर रंगीत काचांचं, घरं सगळी १९५० च्या आसपासची. डिसेंबर १९४४ च्या लढाईत ते गाव साफ झालं. शेजारच्या सिगोल्सहाइमचीही तीच गत. पर्यटक गाडीच्या खिडकीतून "हे काही खास नाही" म्हणून पुढे जातात. तेच तर खास आहे!

सिगोल्सहाइमच्या वर टेकडीवर सैनिकांचं दफनस्थळ आहे, सुमारे १६०० थडगी. पायी चढा, कोलमारचं मैदान सगळं दिसतं. क्रूस आहेत, आणि एका बाजूला मक्केकडे तोंड केलेल्या मुस्लिम सैनिकांच्या कबरी. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाची पोरं. बर्फात, घरापासून हजारो मैल लांब, दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यासाठी मेलेली. कोलमार सुटलं २ फेब्रुवारी १९४५ ला. म्हणजे पॅरिसनंतर पाच महिन्यांनी.

मी कार्ल्सरूहेला राहते, दर दोन-तीन महिन्यांनी पलीकडे जाते. केल नावाच्या जर्मन गावातून स्ट्रासबुर्गची ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडते. लोक पलीकडे सिगारेट आणि शाम्पू आणायला जातात, जर्मनीत स्वस्त म्हणून. ज्या पुलांसाठी एवढी माणसं मेली तिथे आता शाम्पू. मला हे फार आवडतं.

रानजाईने पावसाचा बेत दिला नाही तो मी देते. पाऊस लागला तर उत्तरेला शोएननबुर्गचा माजिनो किल्ला. दोन युद्धांमधल्या काळात फ्रान्सने जर्मन सीमेवर जमिनीखाली जी संरक्षक फळी बांधली तिचा हा एक भाग. जमिनीखाली तीसेक मीटर, भुयारं किलोमीटरच्या किलोमीटर. विजेवरचं स्वयंपाकघर, दवाखाना, विजेची स्वतःची यंत्रं, दारूगोळ्याची छोटी आगगाडी. १९४० मध्ये जर्मन बेल्जियमकडून आत आले आणि या किल्ल्यांना मागून वळसा पडला. तरी शोएननबुर्गवाले लढत राहिले, विमानांनी बॉम्ब टाकले तरी. युद्धबंदी २५ जूनला लागू झाली, यांनी किल्ला सोडला १ जुलैला, तोही वरून हुकूम आला म्हणून. उन्हाळ्यातही आत बारा-तेरा अंश तापमान, स्वेटर न्या. रोज उघडा नसतो, तारखा बघून जा.

निवांत_नाना
बेनवीरचं माहीत नव्हतं. आम्ही तिथे गाडीत हवा भरली होती बहुतेक. मान्य.

पाटीपुस्तक
केंद्रीय बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजीत एक धडा होता, आठवतोय का कुणाला? बर्लिनहून हुकूम येतो, उद्यापासून शाळेत फक्त जर्मन, आणि गुरुजींचा फ्रेंचचा शेवटचा तास. मी शिकवते तो, दरवर्षी मुलं गप्प होतात. तो अल्सासचाच ना?

ऱ्हाइनकाठची
तोच. पण तुमच्या मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. त्या गोष्टीत मायबोली फ्रेंच असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात १८७१ मध्ये अल्सासच्या बहुतेक गावांत घरी बोलली जाणारी भाषा अल्साशियन होती, म्हणजे जर्मनच्या कुळातली बोली. फ्रेंच ही शहरातल्या वरच्या वर्गाची आणि शाळेची. म्हणून जर्मनी म्हणे, तुमची भाषा आमची, म्हणून तुम्ही आमचे. आणि लोक म्हणत, भाषा तुमची असेल, आम्हाला विचारलंत का? १९४५ नंतर पारडं उलटं फिरलं. "फ्रेंच बोलणं ऐटीचं" अशी मोहीम निघाली, शाळेत बोलीत बोललं की शिक्षा. आता तरुण पिढीतले फार थोडे बोलतात. दोन देशांनी मिळून एक भाषा संपवत आणली.

चिंगी_८४
हे वाचून आपल्याकडच्या सीमाभागाची...

भुईकोट
चिंगी, नको! तो विषय निघाला की धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि नफ-ब्रिझाक राहील बाजूला.

खडकीकर
चिंगीताईंना थांबवलंत, मला थांबवू नका, कारण माझा दुवा खराखुरा आहे. अल्सास नव्हे, फ्रान्सचीच दुसरी सीमा, वर बेल्जियमच्या बाजूची. तिथे नव-शापेल नावाचं लहानसं गाव आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी सैन्य तिथल्या चिखलात उतरलं होतं, उन्हाळी कपड्यांत. २८ ऑक्टोबरला गावावर हल्ला केला त्यात शीख पलटणीबरोबर आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, विसाव्या आणि एकविसाव्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. त्या दिवशी त्यांना पायदळ म्हणून वापरलं. घराघरांतून संगिनींनी लढले, गाव घेतलं, आणि मदत न आल्याने सोडावं लागलं. जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले.

मार्च १९१५ मध्ये तिथेच मोठी लढाई झाली. आज गावाबाहेर रस्त्याच्या तिठ्यावर हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं. गोल आवार, दगडी जाळी आपल्याकडच्यासारखी, उंच खांब आणि त्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. भिंतीवर ४७०० हून जास्त नावं, ज्यांना थडगंच मिळालं नाही अशांची. मी २०१८ मध्ये गेलो. लिलहून गाडी केली. चहूकडे बटाट्याची शेतं, आणि मी एकटा. सॅपर्सची नावं कोरलेल्या जागी उभा राहून मोबाइलच्या उजेडात आडनावं वाचत होतो. माझे आजोबा त्याच ग्रुपमध्ये, पण दुसऱ्या महायुद्धातले. तरी प्रत्येक नाव जरा मोठ्याने वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून जमलं.

आणि तुमच्या बाजूलाही एक आहे. अल्सासच्या पलीकडे, व्होज डोंगराच्या पश्चिमेला एपिनाल. तिथे जर्मनांनी हिंदी युद्धकैद्यांची छावणी केली होती. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले, छावणीच्या भिंती पडल्या आणि कैदी पळाले. खेड्यांतल्या लोकांनी त्यांना लपवलं, खायला घातलं, वाट दाखवली. पाचशेच्या आसपास कैदी डोंगर-जंगलातून चालत स्वित्झर्लंडला पोचले. रात्री शेतकऱ्याच्या दारात पगडीवाला माणूस उभा, भाषा एकाची दुसऱ्याला नाही, आणि तरी दार उघडलं.

रानजाई
खडकीकर, एपिनालचं मला काहीच माहीत नव्हतं. आमच्या खोलीपासून शंभर-एक किलोमीटरवर होतं ते. अंगावर काटा आला.

तुमच्यामुळे आणखी एक आठवलं. व्होजमध्येच स्त्रुथॉफची छळछावणी आहे. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर नाझींनी उभारलेली अशी छळछावणी ही एवढीच. १९४१ मध्ये सुरू झाली, युद्धाआधी लोक तिथे बर्फावर घसरायला येत. जुलै १९४४ मध्ये ब्रिटिश हेरखात्याच्या चार बायकांना तिथे मारलं. त्यातल्या एकीची ओळख सुरुवातीला चुकून नूर इनायत खान अशी लागली होती. टिपू सुलतानाच्या वंशातली ती नूर. ती खरं तर डाखाऊला मारली गेली. मी एकटी गेले, लेकीला आणि सासूबाईंना नाही नेलं. उतारावर पायऱ्यांसारखी कापलेली जागा, दोन-चार लाकडी बराकी, आणि समोर इतका सुंदर डोंगर की लाज वाटते.

चिंगी_८४
दहा वर्षांच्या मुलीला न नेणं बरोबरच. पण तू घरमालकीण आजींबद्दल अर्धवट लिहिलंस. ८६ म्हणजे त्यांनी युद्ध पाहिलं असणार ना?

रानजाई
हो, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, मग धीर होईना. लिहिते.

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हिटलरने अल्सास नुसता व्यापला नाही, जर्मनीत जमाच करून टाकला. फ्रेंच बोलायला बंदी, डोक्यावर फ्रेंच गोल टोपी घालायला बंदी, रस्त्यांची नावं बदलली. म्युलूझमध्ये 'रानटी माणसाचा रस्ता' होता, त्याला हिटलरचं नाव दिलं, लोक मनातल्या मनात हसले. ऑगस्ट १९४२ पासून इथल्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलं. अल्सास आणि मोझेल मिळून एक लाख तीस हजार. पळालास तर घरच्यांना उचलून नेणार. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. त्यांना तिकडे म्हणतात 'माल्ग्रे-नू', म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध'. रशियनांनी पकडलं की हे सांगत, आम्ही फ्रेंच आहोत. अंगावर गणवेष जर्मन. कोण ऐकणार? तांबोवच्या छावणीत हजारो मेले. आणि जे परतले त्यांच्याकडे उरलेला फ्रान्स संशयाने बघत राहिला. शेवटचा परतला तो १९५५ मध्ये.

आजींचे वडील त्यातले. १९४५ च्या शरदात परत आले. आजी सात वर्षांच्या. सांगताना त्यांनी हाताने दाखवलं, दारात एक काटकुळा माणूस, पायाला चिंध्या, आणि ही आईच्या परकराआड. त्याने खिशातून काढून दिलेला लाकडी चमचा अजून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. मी हातात घेतला. दांड्यावर सुरीने रेघा पाडल्यात. कसल्या रेघा, ते वडिलांनी सांगितलं नाही. आजींनी मोजल्यात, एकोणपन्नास. मोजताना त्या फ्रेंचमध्ये नाही मोजत. आपल्या बोलीत मोजतात.

रुळांवरचा
वडिलांचा जन्म कधीचा? म्हणजे ते मुळात जर्मन नागरिक म्हणून जन्मले असणार.

रानजाई
बरोबर ओळखलंत. १९१२. मीही हाच प्रश्न विचारला तर आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात कागद. जन्माच्या दाखल्यावर नाव योहान. १९१८ नंतरच्या शाळेच्या कागदावर झाँ. नाझींनी फ्रेंच नावंसुद्धा बदलायला लावली होती, म्हणून सैन्याच्या पुस्तकात परत योहान. मग १९४५ नंतर परत झाँ. आजीच्या आजीने तर चारही बदल पाहिले, १८७१, १९१८, १९४० आणि १९४५, घर न बदलता.

निवांत_नाना
मग थडग्यावर काय लिहिलंय?

रानजाई
नाना, तेच विचारलं मी. म्हणाल्या, झाँ लिहिलंय, सरकारी नाव ते. पण आई मरेपर्यंत हाक मारायची ती 'शांग' म्हणून. तसं अल्साशियनमध्ये झाँला म्हणतात. तेवढं कुठल्याच कागदावर नाही.